पंप हवा ओढतोय

९ जानेवारी, गुरुवार

पंप पुन्हा हवा ओढतोय! सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि थबकलोच. रस्त्यापलीकडच्या पंपघरातून तोच आवाज — पत्र्याच्या डब्यात मूठभर खडे घालून कुणी हलवावेत तसा. ओढणाऱ्या पाइपात कुठेतरी फट पडलीय, पाण्याबरोबर हवा आत शिरतेय. तीस वर्षं जळक्या मोटारींत नवी तार भरण्यात आणि पंप दुरुस्त करण्यात गेली, मशीनचं दुखणं मला भिंतीपलीकडून कळतं. शटर तसंच टाकून पालिकेत गेलो, खिडकीवर तक्रार दिली, शिक्का मारून पोच घेतली.

खिडकीतला कारकून म्हणाला, "तुमच्यासाठी वेगळी फाइलच उघडलीय आम्ही." म्हटलं, उघडा! नागरिक झोपला की पालिका घोरायला लागते.

ही म्हणते, भावोजी दिवसभर तिथेच असतात, त्यांनाच सांगायचं की. भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, त्या पंपाचे चालक. पण छत्तीस वर्षं मशीनशेजारी बसलेल्या माणसाला कान उरलेत कुठे! शिवाय घरच्यांना सांगितलेलं घरातच राहतं. कागदावर आलं पाहिजे.

१३ जानेवारी, सोमवार

पालिकेच्या फलकावर नोटीस लागली. आमच्या रस्त्याचा पंप "निर्लेखित" होणार. साध्या भाषेत, भंगारात जाणार. त्या जागी आपोआप चालणारं नवं पंपघर. काचेच्या भिंती, बोट लावून चालवायचा पडदा, आणि समोर कारंजं. पंपघराला कारंजं! तिसऱ्या मजल्यावर धड पाणी चढत नाही, ते आता हवेत उडवायचं.

माझ्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर मोठ्या बाई राहतात, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी खर्चाचा आकडा वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. "एक शून्य जास्त पडलंय का रे?" नव्हतं पडलं. मागे गर्दी जमली होती. कुणी म्हणालं, रस्त्याकडेच्या फरश्या तीनदा घातल्या, चारदा फोडल्या, हे त्याच कुळातलं. कुणी म्हणालं, यात उद्घाटनाच्या दगडाचा खर्च धरलाय का. धरलाय! वेगळी ओळच आहे.

सगळ्यांबरोबर मीही हसत होतो. मग खालची बारीक अक्षरं वाचली. "चालकाचे पद यंत्रासोबत संपुष्टात येईल. क्वार्टर ३१ मार्चपर्यंत रिकामे करावे."

क्वार्टर म्हणजे ताईचं घर. पंपघराला चिकटून दोन खोल्या. भावोजींच्या निवृत्तीला चौदा महिने उरलेत, त्यानंतरची सोय त्यांनी हळूहळू लावली असती. आता अडीच महिन्यांत कुठे जायचं? दहावीला आपटलो तेव्हा ट्रंक घेऊन मी याच दारात उभा राहिलो होतो. आत जागा नव्हती म्हणून पंपघरात निजायचो. मशीन ऐकायला तिथेच शिकलो. आज जो काही आहे तो त्या ओल्या फरशीवरून उठून झालोय.

ताईला जाऊन सांगितलं. ती खुर्चीवर चढून पडदे काढत होती. खाली उतरली नाही. म्हणाली, "धुवायला काढले होते. धुऊ की नको, तेवढं सांग, छोट्या."

बावन्न वर्षांचा छोट्या. तिची खुर्ची धरून ठेवली.

१५ जानेवारी, बुधवार

पालिकेत गेलो. म्हटलं, पंपाला काही झालेलं नाही. एक सांधा घट्ट केला की संपलं. मी करून देतो. फुकट.

कारकून : "दुरुस्तीला तीन निविदा लागतात."

"अहो, फुकट म्हणतोय मी."

"फुकटाच्याही तीन लागतील. त्याशिवाय सर्वांत कमी कोण, ते कसं ठरवणार?"

"मग देणगी समजा."

"देणगी वस्तूची घेता येते. अख्खा पंप द्या, आत्ता पावती फाडतो. नीट करून देणं ही वस्तू नाही. ते घ्यायला आमच्याकडे हेडच नाही."

म्हणजे खर्चाला हेड लागतं तसं फुकटालाही लागतं! मी हसलो. तो हसला नाही. वाईट माणूस नाही, त्याला खरंच प्रश्न पडला होता.

इंजिनिअर साहेबांकडे गेलो. पोरगेलेसे आहेत, पण ऐकून घेतात. "काका, मला पटतंय तुमचं. पण मला पटून काही होत नाही. नवा नियम आलाय, बारा महिन्यांत अठराच्या वर बिघाड झाले की यंत्र निर्लेखित. याचे एकोणीस झालेत."

एकोणीस! एकाने हुकला की हो!

१६ जानेवारी, गुरुवार

भावोजींची नोंदवही पाहिली. बारा महिन्यांत तेरा बिघाड. बोट ठेवून दोनदा मोजले. वरचे सहा कुठून आले? भावोजी म्हणतात, "असतील बाबा. मोठी माणसं, मोठे आकडे." या माणसाला राग कसा येत नाही?

२० जानेवारी, सोमवार

निर्लेखन समिती आली. पाच जण, दोन गाड्या. दारात तेलाचा ओघळ होता, बुटांना लागेल म्हणून कुणी आत पाऊल टाकलं नाही. बाहेरूनच पंपाकडे बघितलं, पंपही गाड्यांकडे पाठ करून बसला होता. एकाच्या पाठीवर कागद ठेवून चौघांनी सह्या केल्या. मग पाचवा वळला आणि त्याने पहिल्याच्या पाठीवर केली.

ताईने पाचही जणांना चहा दिला. नको म्हटलं होतं मी. म्हणाली, "घर जायचंय ते जाईल. आल्यागेल्याला चहा नाही दिला म्हणून जायला नको."

२९ जानेवारी, बुधवार

आज मोठ्या बाईंचा नळ कोरडा. खडेही वाजतायत. सरळ पंपघरात शिरलो. भावोजी म्हणाले, "राहू दे रे शेठ, मी बघतो संध्याकाळी." ऐकलं नाही. आडवा झालो, चाचपून पाहिलं. ओढणाऱ्या पाइपाच्या सांध्याला सहा बोल्ट असतात, त्यातला तळचा, भिंतीकडचा, अर्धा आटा सैल! पाना लावला, घट्ट केला. खडे थांबले. पंप एकदम लेकरासारखा गुपचूप चालू लागला.

पण एक समजेना. थरथरीने बोल्ट सैल होतात ते सगळे थोडे थोडे होतात. एकटाच कसा होईल? आणि त्याच्या कडेला पान्याचा ताजा ओरखडा. कुणीतरी मुद्दाम करतंय! ठेकेदाराचा माणूस येत असेल. भावोजींना म्हटलं तर ते भिंतीकडे बघत राहिले. घाबरलेत बहुतेक.

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा! सकाळी मोटार भरत होतो, हातातली तार टाकून धावलो. तक्रार दिली नाही, त्यांच्या हातात आयतं कोलीत कशाला द्या. आडवा झालो. सहाही बोल्ट घट्ट. बाकीचे सांधे पाहिले, घट्ट. साबणाचं पाणी लावून पाहिलं, कुठे आत ओढलं जात नाही. भावोजी म्हणाले, "मला तर नीट वाटतोय." त्यांना काय, वीज पडली तरी नीटच वाटेल. वर जाऊन विचारलं, मोठ्या बाईंना पाणी भरपूर.

मग मी काय ऐकलं? दुकानात परत येऊन बसलो तरी खडे वाजतच होते. तासाभराने थांबले. तीस वर्षांत असा पंप पाहिला नाही. बिघडतो, आणि बिघाड सापडत नाही!

८ फेब्रुवारी, शनिवार

पालिकेच्या सभागृहात नागरिकांची सभा. तुडुंब. पंखे बंद, कारण पंख्यांचं काम निविदेत अडकलंय.

आरडाओरडा पुष्कळ झाला. शिंपीणबाई म्हणाल्या, "आमच्या गल्लीत दिवा लावायला खांब नाही, आणि तुम्ही कारंज्यात दिवे लावताय!" टाळ्या. मग मोठ्या बाई उठल्या, पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. त्यांची जुनी शिस्त, नळ कोरडा गेला की त्या तारखेवर फुली. "बारा महिन्यांत माझ्या नळाने तेरा सुट्ट्या घेतल्या. तेरा! मी हजेरी ठेवते. एकोणीस कुठून आणलेत?"

इंजिनिअर साहेब उभे राहिले. फाइल उलटी धरली, सुलटी केली. म्हणाले, "कार्यालयाच्या नोंदीत एकोणीस आहेत. तपशील माझ्याकडे नाही." सभागृह पेटलं. कुणी ओरडलं, "आडात तेरा आणि पोहऱ्यात एकोणीस!"

मी उठलो. माझा आवाज मोठा आहे, मशीनवर ओरडून बोलायची सवय. म्हटलं, "रीतसर अर्ज करतो. एकोणिसाच्या एकोणीस नोंदींच्या नकला द्या. सहा बिघाड कुणी रचले त्याचं नाव या सभागृहात वाचून दाखवीन!" केवढ्या टाळ्या पडल्या. दोन माणसं हात मिळवायला आली. घरी येईपर्यंत छाती फुगलेली होती.

ताई सभेला आली नव्हती. भावोजी शेवटच्या बाकावर होते. टाळ्या वाजवत नव्हते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अर्ज दिला. कारकून म्हणाला, "नक्की हव्यात ना नकला?" हे काय विचारणं झालं!

१७ फेब्रुवारी, सोमवार

उद्घाटनाचा दगड आला. मंजुरी यायची आहे, दगड आला! पंपघराच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. नावं कोरलेली, तारखेची जागा कोरी. ताईने त्याच्यावर पायपुसणी वाळत घातली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

चोर पकडायचाच म्हणून दोन दिवस दुकानाच्या खिडकीतून पंपघरावर डोळा ठेवून होतो. भावोजींखेरीज कुणी आत गेलं नाही. आज दुपारी मात्र भावोजींच्या मागून ताई गेली. ती कधी पंपघरात जात नाही. मी रस्ता ओलांडून दार ढकललं.

भावोजी पाइपाखाली आडवे, हातात पाना. शेजारी ताई वाकून बॅटरी धरून उभी!

कुणीच दचकलं नाही, हेच मला कळेना. ताई म्हणाली, "आत ये आणि दार लोट. उजेड हलतो."

मी म्हटलं, "भावोजी! तुम्ही?"

"मग तुला काय वाटलं?" ताईच बोलली. "छत्तीस वर्षं तो आपोआप बिघडत होता?"

मग उलगडा झाला, आणि उलगडा झाल्यावर आणखी गुंता. जुना नियम असा आहे म्हणे, वर्षाला बारा बिघाड असतील तर पूर्णवेळ चालक आणि क्वार्टर. कमी झाले तर फिरता चालक, तीन पंपांना मिळून एक, क्वार्टर नाही. भावोजींनी पहिल्या वर्षी पंप एकदाही बंद पडू दिला नाही. वर्षाअखेरीला कागद आला की काम नसल्याने पद कमी करण्यात येत आहे. त्या वर्षी साहेबांचे पाय धरून राहिले. दुसऱ्या वर्षापासून महिन्याला एक बिघाड. महिनाअखेरीला करायचा, संध्याकाळपर्यंत नीट करायचा, वहीत लिहायचा. विसरले तर ताई आठवण करते.

"मला नीट चालवता येतो रे," भावोजी खालूनच म्हणाले. "तेच तर दुखणं आहे."

मी विचारलं, "बारा समजले. तेरावा?"

भावोजी ओशाळले. "तो खराच झाला. बेअरिंग गेलं. फार लाज वाटली मला."

मला हसू आलं. मग हसू कुठल्या कुठे गेलं. सभागृहात मी ज्या उधळपट्टीवर ओरडलो तिच्याच आडोशाला वाढलो की मी! मोठ्या बाईंचा नळ महिन्यातून एकदा कोरडा, म्हणून माझ्या डोक्यावर छप्पर. चोर म्हणावं तर कुणाला? ज्याने मशीन बिघडवलं त्याला, की मशीन नीट राहिलं तर माणूस काढणाऱ्याला? डोकं चालेना. निघताना ताई म्हणाली, "सहा कुणी वाढवले ते मात्र शोध. आम्ही बाराच्या वर कधी हव्यास केला नाही."

५ मार्च, बुधवार

नकला आल्या. एकोणीस कागद. तेरांवर भावोजींचं अक्षर. उरलेले सहा उघडले.

माझं अक्षर!

"माननीय साहेब, पंप हवा ओढत आहे, तातडीने दखल घ्यावी." सहा तक्रारी, सहा सह्या, सहा शिक्के. शेवटची नऊ जानेवारीची. प्रत्येक तक्रार म्हणजे एक बिघाड असं धरून कार्यालयाने दखल घेतली. मी दखल घ्या म्हणत होतो, घेतली!

सभागृहात नाव वाचून दाखवणार होतो मी. हिने कागद पाहिले. एवढंच म्हणाली, "जेवून घ्या आधी."

६ मार्च, गुरुवार

कागद घेऊन ताईकडे गेलो. वाटलं होतं, दारातून हाकलेल. तिने सहाही कागद वाचले, घडी घातली, परत दिले. "तुझं अक्षर सुधारलंय," म्हणाली. यापेक्षा दोन थोबाडीत परवडल्या असत्या.

भावोजींनी मात्र सगळ्या तारखा वहीशी ताडून पाहिल्या. "या सहा दिवसांत मी हात लावला नव्हता रे. यातली एकही महिनाअखेर नाही. मशीन लोण्यासारखं चाललं होतं."

"मी स्वतः ऐकलंय, भावोजी!"

"ऐकलं असशील."

मोठ्या बाईंच्या कॅलेंडरावर त्या सहाही तारखा कोऱ्या. पाणी आलं होतं. मग मी ऐकलं ते काय? तेरा वेळा पंप खरंच बंद पडला, त्यातल्या एकाही दिवशी माझी तक्रार नाही — माझ्या तक्रारी सहाच, आणि त्याही नेमक्या तो नीट असताना! काही केल्या मेळ बसत नाही.

१० मार्च, सोमवार

तक्रारी मागे घ्यायला गेलो. इंजिनिअर साहेब खूश झाले. "सहा गेले तर तेरा उरतात. मग निर्लेखन रद्द. निर्लेखन नाही तर नवं पंपघर नाही, चालक जागेवर, क्वार्टर जागेवर. काका, हे करा!"

करायला खिडकीवर जावं लागलं. कारकून म्हणाला, "तक्रार मागे घ्यायची तर कारण लागतं. बिघाड झालाच नव्हता, असं लिहा."

लिहिलं.

"मग तक्रार का केलीत? खोटी होती?"

"नाही, ऐकलं होतं मी."

"म्हणजे ऐकण्यात चूक झाली. तसं लिहा." मग खिडकीतून वाकून, "आणि सोबत कानाच्या डॉक्टरचा दाखला जोडा. पुराव्याशिवाय चूक ग्राह्य धरता येत नाही."

गंमत करत नव्हता. त्याने मला मदतीची वाट काढून दिली होती. त्याच्या हातात होती तेवढी एकच.

११ मार्च, मंगळवार

माझ्या दुकानाला पाटी नाही. लोक मोटार आणतात, बटण दाबतात, म्हणतात, "ऐकून सांगा." मी ऐकून सांगतो. हीच पाटी. शिक्षण नाही, भांडवल नव्हतं, होते ते दोन कान. आणि त्यांच्यावर सरकारी शिक्का मारून घ्यायचा, की हे भरवशाचे नाहीत! दाखला फाइलीत जाईल, फाइलीतली गोष्ट बाजारात यायला किती वेळ लागतो?

दुपारी ताईकडे डोकावलो. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होती. माझा जुना पितळी पेला हातात धरून म्हणाली, "हा तू घेऊन जा. जागा कमी पडेल कुठे गेलो तर."

ठरलं. दाखला आणायचा.

१३ मार्च, गुरुवार

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांच्या दवाखान्याचा पंप मीच सांभाळतो. सगळं खरं खरं सांगितलं. म्हटलं, दोन ओळी लिहून द्या, की याला नीट ऐकू येत नाही. खूप हसल्या. पण म्हणाल्या, "तपासल्याशिवाय एक ओळही नाही. सोमवारी या. बंद खोलीत बसवते, कानाला यंत्र लावते, आवाज आला की बटण दाबायचं. निघेल ते लिहीन."

पंचाईत! निघेल ते म्हणजे उत्तमच निघणार. ताईचं घर माझ्या चांगल्या कानांपायी जायचं? रस्त्याने विचार करत आलो. युक्ती सुचली. दोन आवाज आले की एकदाच बटण दाबायचं. एक ऐकायचा, एक गिळायचा. मोजूनमापून निम्मा बहिरा! हिला सांगितलं. ही म्हणाली, "तुम्ही आणि भावोजी, दोघे एकाच शाळेतले."

१७ मार्च, सोमवार

भिंतींना चटई मारलेली खोली, जाड दार, काचेपलीकडे बाई. एकाआड एक नेमाने गाळत गेलो. नऊ दाबले, नऊ गिळले. एकदाही चुकलो नाही. घाम फुटला, पण काम चोख.

बाई दार उघडून आत आल्या. कानावरचं यंत्र त्यांनी हळूच काढलं. म्हणाल्या, "काका, बटण कशाला दाबताय? मी अजून मशीन चालूच केलेलं नाही."